तेलाच्या डब्यावरील ‘डब्ल्यू’ : एक अर्थविचार

संज्ञा आणि तिचा अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा सोस्यूरचा सिद्धांत अभ्यासकांस परिचित आहे. हा संबंध तज्ज्ञांनी जाणीवपूर्वक ठरविलेला असला तरीही घोटाळा संभवतो. इंजिनाच्या तेलाचा डबा हे त्याचे बोलके उदाहरण होय.

पिंपरी-चिंचवडच्या एका अंगास माण, तर दुसऱ्या अंगास सुदुंबरे आहे. तेली समाजातील संत संताजी जगनाडे यांचे हे समाधिस्थान. येथेच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूरच्या महापुरात या दलाच्या पथकांनी नौकांतून माणसे बाहेर काढली. अशा नौकेच्या पिछाडीस बाहेरून बसविण्यात येणारे यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटर. ती ऐन प्रवाहात बंद पडणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून नव्या मोटरीचे तेल निवडणे हा नीट वाचनाचाही प्रश्न ठरतो.

प्रथम मोटरीची जात पाहावी. टू-स्ट्रोक मोटरीत तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरमुळे ‘पेट्रोलमध्ये ऑईल’ हा प्रयोग आपल्याकडे घरोघरी रूढ झाला. फोर-स्ट्रोक मोटरीत तेल तळाच्या कोठीत राहून फिरत असते व ते ठरावीक काळाने बदलावे लागते.

आता संज्ञांकडे वळू. ‘टीसी-डब्ल्यू३’ ही अमेरिकेतील एनएमएमए या संघटनेची टू-स्ट्रोक तेलाची प्रत, तर ‘एफसी-डब्ल्यू’ ही फोर-स्ट्रोक तेलाची. दोहोंतील ‘डब्ल्यू’ पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा निदर्शक आहे. परंतु त्याच डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’ असेही छापलेले असते. तेथील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा असून १० हा आकडा थंडीतील, तर ३० हा आकडा तापलेल्या तेलाच्या दाटपणाची प्रत दर्शवितो. हे आकडे तपमानाचे अंश नव्हेत. एकाच डब्यावर एकच अक्षर दोन अर्थांनी नांदते.

याहून घातक साम्य ‘एफसी’चे आहे. जपानी ‘जासो’ मानकातील ‘एफसी’ ही टू-स्ट्रोक तेलाची प्रत आहे. तिचा ‘एफसी-डब्ल्यू’शी काहीही संबंध नाही. ते तेल फोर-स्ट्रोक मोटरीच्या कोठीत पडल्यास इंजिनास आवश्यक संरक्षण मिळत नाही. उलटपक्षी, बाहेरच्या पाण्याने तुलनेने थंड राहणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरीस राख न सोडणारे टीसी-डब्ल्यू३ तेल लागते. हवेने थंड होणाऱ्या दुचाकीच्या तेलात सामान्यतः धातुयुक्त द्रव्ये असतात व त्यांची राख प्लगवर साचते.

नव्या मोटरीबाबत दोन गोष्टी अधिक. अनेक टू-स्ट्रोक मोटरींस आरंभी १:५० ऐवजी १:२५ असे मिश्रण सांगितलेले असते. फोर-स्ट्रोकचे पहिले तेल पुष्कळ उत्पादक सुमारे २० तासांनंतर बदलावयास सांगतात. दोन्ही बाबतींत उत्पादकाची पुस्तिका प्रमाण मानावी.

तात्पर्य, डब्यावरील मजकूर सुटी अक्षरे म्हणून न वाचता वाक्य म्हणून वाचावा : आधी मानक कोणाचे, मग इंजिनाची जात, शेवटी दाटपणा. अर्थ संदर्भाने ठरतो, हे तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते.