उन्हाळा आला म्हणून पॉमेरियनचे केस भादरू नका. झबरा कुत्रा पाळणाऱ्यांनी हे वाचाच

वाशीम : मालेगाव घ्या, रिसोड घ्या नाहीतर मानोरा, गावात एखाद्या तरी घरापुढे पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा कुत्रा दिसतोच. नाव विचारलं तर मोती नाहीतर टफी, अन् जात विचारली तर 'पॉमेरियन'. ऊन तापलं की मालकाला दया येते आणि तो मशीन लावून त्याचे केस काढून टाकतो. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच केलं. केस पार कातडीपर्यंत काढले आणि कुत्रा अंगणात बांधून शेतात गेलो. चार वाजता येऊन पाहतो तर तोंडातून लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. डॉक्टरांनी वाचवला, पण चांगलंच सुनावलं. "केस काढले ते चुकलं, उन्हात बांधला ते त्याहून चुकलं."

ही जात आली कुठून?

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा थंड मुलूख. आज त्याचा काही भाग जर्मनीत, काही पोलंडमध्ये आहे. तिथल्या कुत्र्यांवरून हे नाव पडलं. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीतून असा लहान कुत्रा नेला आणि तिकडे त्याची हौस वाढली. खरा पॉमेरेनियन फक्त दोन-तीन किलोचा असतो. आपल्याकडचा पाच-सात किलोचा किंवा त्याहून मोठा कुत्रा म्हणजे बहुतेक वेळा 'इंडियन स्पिट्झ'. इंग्रजांच्या काळात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांची ही इथं रुळलेली पिढी. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी याच जातीचा. तेव्हा पिल्लू घेताना 'ओरिजिनल पॉमेरियन' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

कुत्रा हुशार, माणसाळलेला, राखणीला चोख. अनोळखी माणूस दिसला की भुंकणारच. एकटं राहणं त्याला आवडत नाही. नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं जगतो.

केस का काढायचे नाहीत?

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकर, वर लांब केस. वरचा थर ऊन थेट कातडीवर येऊ देत नाही. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. केस भादरले की गुलाबी कातडी भाजते, आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा नीट येतच नाहीत.

त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा कंगव्याने विंचरा. आतली सुटलेली लोकर निघून गेली की हवा खेळते. तीन-चार आठवड्यांनी कुत्र्याच्या शाम्पूने आंघोळ घाला आणि अंग पूर्ण कोरडं करा. पावसाळ्यात अंग ओलं राहिलं तर खाज सुटते. शेतातून आल्यावर सराटे, कुसळं आणि गोचीड पाहा. कानात अन् बोटांच्या मधे जरूर पाहा.

ऊन लागलं तर

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो. दुपारी कुत्रा टिनाच्या शेडखाली बांधू नका, झाडाची सावली आणि भरलेलं भांडं द्या. जोरात धाप, खूप लाळ, लाल जीभ, लटपट दिसली तर लगेच सावलीत न्या. पोटावर, पायांवर साधं पाणी टाका, वारा घाला, थोडं थोडं पाणी पाजा. बर्फाचं पाणी नको. आणि तसाच दवाखान्यात घेऊन जा.

खाणं आणि लस

भाकरी, भात, उकडलेलं अंडं, बिनतिखटाचं मटण चालतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके आणि चॉकलेट मात्र त्याला विषासारखं. तर्री घातलेली शिळी भाजीही नको.

पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पार्व्होची लस सुरू करा, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पुढे दरवर्षी बूस्टर. 'घरचाच कुत्रा आहे, त्याला काय होते' हा विचार सोडा. चावला किंवा नखं लागली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना लावत बसू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही.

शेजाऱ्याकडे असा कुत्रा असेल तर मशीन लावायच्या आधी त्याला एवढं सांगा.