‘संगीत सौभद्र’ पडद्यावर आणावयाचें झाल्यास

नाटक डोळ्यांपुढें घडतें आणि चित्रपटहि डोळ्यांपुढेंच घडतो. मग एकाचें दुसरें करण्यांत अवघड तें काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर एका उदाहरणानें द्यावें म्हणून आम्ही अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत सौभद्र’ निवडलें आहे. इ. स. १८८० मध्यें ‘शाकुंतल’ व त्यानंतर १८८२ मध्यें ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून अण्णासाहेबांनीं मराठी संगीत नाटकाचा पाया घातला.

कथानक साधेंच आहे. सुभद्रेचें मन अर्जुनावर जडलेलें. परंतु वडील बंधु बलराम तिचा विवाह दुर्योधनाशीं करूं पाहतो. श्रीकृष्ण बहिणीचें मन जाणतो, पण थोरल्या भावास उघड विरोध करीत नाहीं. तो युक्तीनें सारीं सूत्रें हालवितो, अर्जुन यतिवेषानें येतो आणि अखेरीस सर्व सुखान्त होतें.

पहिली अडचण वेळेची. मूळ नाटकांत शंभरांहून अधिक पदें आहेत. एका पदास चारच मिनिटें धरलीं तरी शंभर पदांस चारशें मिनिटें, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक वेळ लागेल! पूर्वीचा प्रेक्षक रात्रभर बसून ऐकत असे व आवडलेलें पद ‘वन्समोअर’ देऊन पुन्हा म्हणवून घेत असे. चित्रपट अडीच तासांत संपावयाचा. तेव्हां दहाबारा पदें ठेवून बाकीचीं सोडलींच पाहिजेत. तीं कोणत्या कसोटीनें निवडावीं? ज्या पदानें कथा पुढें सरकते तें ठेवावें, असें कोणी म्हणेल. परंतु रुसलेल्या रुक्मिणीची श्रीकृष्ण समजूत घालतो, त्या पदानें कथा फारशी सरकत नाहीं. तरीहि तें गाळल्यास नाटकांतील घरगुती गोडवाच नाहींसा होईल. म्हणून कथेबरोबर माणसांचे स्वभाव उलगडणारीं पदेंहि राखलीं पाहिजेत.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. रात्र सरून उषःकाल होत असल्याचें वर्णन श्रीकृष्ण रुक्मिणीजवळ एका पदांत करितो. रंगभूमीवर पहांट दाखविण्याचीं साधनें थोडीं. ती पहांट गायकाचा स्वरच प्रेक्षकांच्या मनांत उगवितो. कॅमेऱ्यास मात्र खरें आकाश, खरे पक्षी, सर्व कांहीं दाखवितां येतें. पण शब्द जें सांगतात तेंच चित्रानेंहि दाखविलें, तर दोहोंपैकीं एक व्यर्थ होतें. आम्हांस वाटतें, दिग्दर्शकानें अशा वेळीं आकाशाकडे न वळतां रुक्मिणीच्या मुखाकडे पाहावें. समईची ज्योत हळूहळू फिकी पडूं द्यावी, आणि पहांट गाण्यांतच राहूं द्यावी.

तिसरी अडचण वेषांतराची. नाटकगृहांत प्रेक्षक दूर बसलेला असतो. दाढी व भगवीं वस्त्रें दिसलीं कीं तो यति मान्य करितो, आणि सुभद्रेनें अर्जुनास ओळखलें नाहीं याबद्दल तक्रार करीत नाहीं. चित्रपटांत तोच चेहरा हातभर अंतरावरून दिसतो व शंका उत्पन्न होते. यावर उपाय नाटकांतच आहे. साधुपुरुषापुढें सुभद्रेची दृष्टि आदरानें खालीं वळलेली असणारच. कॅमेऱ्यानें तिच्याच दृष्टीनें पाहिलें, म्हणजे यतीचे चरण, कमंडलु, भूमीवरील छाया एवढेंच दाखविलें, तर तिचें न ओळखणें सहज पटेल.

घटोत्कच निद्रिस्त सुभद्रेस उचलून अरण्यांत अर्जुनाजवळ आणतो, तो प्रसंग यंत्रांच्या साहाय्यानें वाटेल तितका अद्भुत करितां येईल. तेथें आवरतें घेणें हेंच शहाणपण.

असले प्रयत्न नवीन नाहींत. १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकास चाली देणारे गोविंदराव टेंबे हेच पुढें १९३२ मध्यें प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत हरिश्चंद्र झाले. १९६७ चें ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ मध्यें पडद्यावर आलें, त्यांत जुन्या पदांबरोबर नवींहि गीतें होतीं. आणि २०२५ मध्यें ‘मानापमान’ही चित्रपटरूपानें आलें. जुनें नाटक पडद्यावर जगूं शकतें, याचा हा पुरावा होय.

परंतु सर्वांत मोठा धोका यंत्राचा नसून समजुतीचा आहे. चित्रपटास खलपुरुष हवा असतो, आणि तो मान बलरामास देण्याचा मोह होईल. तसें झाल्यास नाटकाचा प्राणच गेला. बलराम दुष्ट नाहीं. दुर्योधन त्याचा गदाविद्येंतील शिष्य. त्याच्या हातीं बहीण सुखी होईल, असें तो मनापासून मानतो. त्याची चूक एकच, कीं बहिणीस विचारावें हें त्यास सुचत नाहीं. प्रेम करणारा वडीलधाराहि न विचारल्यानें दुःख देऊं शकतो, आणि घरांतील मान राखूनहि अन्याय टाळतां येतो, हें अण्णासाहेबांनीं हसतखेळत दाखविलें. जो दिग्दर्शक एवढें सांभाळील त्यानें नव्वद पदें सोडलीं तरी आम्ही त्यास दोष देणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हें नाटक लहानसें आहे; सुटींत वाचा, शक्य तर आईवडिलांसह मोठ्यानें वाचा. कोणतीं दहा पदें ठेवाल, याची यादी करा. कोणतें पद कां सोडवत नाहीं याचा विचार करूं लागलां, कीं नाटक तुम्हांस खरोखर कळूं लागलें असें समजा.