मासोळ्यांच्या टाकीचा फिल्टर : निवड आणि निगा

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात रंगीत मासोळ्यांची काचेची टाकी ठेवण्याची आवड आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, त्या काळी असे मासे पाहायला तिकीट काढून जावे लागे. आज आमच्या पेडणे-डिचोलीकडेही गप्पी, मॉली आणि गोल्डफिश घराघरांतून पाहायला मिळतात. पण ही आवड जितक्या लवकर लागते तितक्याच लवकर सुटतेही. टाकी आणली, पंधरा दिवसांत मासे एकामागून एक मेले आणि महिन्याभरात रिकामी टाकी माळ्यावर गेली, असा अनुभव पुष्कळांचा असतो. दोष माशांना दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, नाहीतर कोणाची तरी नजर लागली असे म्हटले जाते. खरे कारण बहुधा फिल्टरविषयीच्या आपल्या समजुतीत असते. म्हणून हा लेखप्रपंच.

फिल्टर म्हणजे गाळणी, असे आपण धरून चालतो. चहाची गाळणी जशी चोथा अडवते तसा फिल्टर पाण्यातील घाण अडवतो आणि पाणी नितळ ठेवतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण टाकीतल्या पाण्याला तंतोतंत लागू पडते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, डोळ्यांना दिसत नाही आणि कोणत्याही गाळणीत अडकत नाही. आरशासारख्या नितळ पाण्यात मासे मरतात ते यामुळे.

या विषाचा बंदोबस्त सूक्ष्म जिवाणू करतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यांतील एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवतो. हे नायट्राइटही विषारीच असते. ते रक्तात गेले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून राहतात. फिल्टरमधील स्पंज, खडे किंवा चिनी मातीच्या नळ्या ही त्यांची वस्ती होय. फिल्टरचे मुख्य काम ही वस्ती सांभाळण्याचे आहे, गाळण्याचे काम दुय्यम आहे. एवढे एक ध्यानात आले म्हणजे निवड आणि निगा या दोन्ही गोष्टी सोप्या होतात.

आपल्या नळाचे पाणी पेडण्यात चांदेलच्या आणि डिचोली भागात पडोसे येथील जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते. अशा प्रकल्पात तुरटीने गाळ खाली बसवतात, पाणी वाळूतून गाळतात आणि क्लोरीनने जंतू मारतात. पिण्यासाठी ते योग्यच आहे. मात्र टाकीत आपल्याला जे जंतू जगवायचे असतात तेही याच क्लोरीनने मरतात. तेव्हा नळाचे पाणी बादलीत उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध घालावे.

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण तेथे वेगळी अडचण असते. आपल्याकडचा खडक चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा. त्यातून झिरपलेले पाणी हलके व काहीसे आम्लधर्मी असते. जिवाणूंच्या कामात आम्ल तयार होते. अमोनियाच्या रूपातील एक ग्रॅम नायट्रोजनचे रूपांतर होताना सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षार खर्ची पडतो. हलक्या पाण्यात ही शिल्लक मुळातच थोडी असल्याने ती लवकर संपते. मग पाणी आणखी आंबट होते, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले स्वच्छ धुऊन, उकळून, मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवावेत. पाणी आंबट होऊ लागले की ते हळूहळू विरघळतात आणि तूट भरून काढतात. घाटावरच्या आमच्या कानडी मित्रांना मात्र याची गरज सहसा पडणार नाही. काळ्या मातीतल्या विहिरींचे पाणी बहुधा जडच असते.

आता निवडीकडे वळू. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५७ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वगळली तर ४५ ते ५० लिटर धरावे. विजेच्या मोटारीचा फिल्टर घेतल्यास त्यातून तासाला टाकीतील पाण्याच्या चार-पाच पट, म्हणजे २०० ते २५० लिटर पाणी फिरावे. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज भरला आणि तो मळला की प्रवाह कमी होतो, म्हणून थोडा वरचा आकडा निवडावा.

प्रकार मुख्यतः चार. स्पंज फिल्टर हवेच्या पंपावर चालतो. तो सर्वांत स्वस्त असून त्यात पिल्ले ओढली जात नाहीत, त्यामुळे गप्पी-मॉलीसाठी उत्तम. खड्यांखाली बसवायच्या जाळीचा फिल्टरही हवेवर चालतो, पण खड्यांत गाळ साचत जातो आणि तो नळीने ओढून काढावा लागतो. टाकीच्या कडेला अडकवायचा फिल्टर दोन-तीन फुटी टाकीला आणि पुष्कळ घाण करणाऱ्या गोल्डफिशला बरा. चौथा कॅनिस्टर, म्हणजे टाकीखाली ठेवायचा बंद डबा. त्यात जागा भरपूर असते, पण किंमतही तशीच, आणि तो मोठ्या टाकीलाच शोभतो.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने एक हिशेब मांडतो. फिल्टरची किंमत हा भांडवली खर्च, तो एकदाच होतो. वीज आणि बदलायचे भाग हा महसुली खर्च, तो कायमचा. वीज फारशी लागत नाही. ५ वॅटचा पंप अहोरात्र चालला तरी महिन्याला ३.६ युनिट होतात. खरा खर्च दर महिन्याला नवे घालायच्या कार्ट्रिजचा. त्यात पैसे जातात, शिवाय जुन्या कार्ट्रिजबरोबर महिनाभर वाढवलेली जिवाणूंची वस्तीही केरात जाते. म्हणून धुऊन वर्षानुवर्षे वापरता येईल असा स्पंज किंवा नळ्या ज्यात बसतात तोच फिल्टर घ्यावा. कोळशाची पुडी फक्त पाण्यातील रंग किंवा औषध काढून टाकायचे असेल तेव्हाच वापरावी, एरवी तिची गरज नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. प्रवाह थांबला की बंद डब्यातील जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो. वीज काही तासांनी आली तर डब्यातले पाणी ओतून टाकूनच कॅनिस्टर पुन्हा सुरू करावा. उघड्या पाण्यातला स्पंज अधिक काळ तग धरतो आणि बॅटरीवरच्या लहान हवेच्या पंपावरही चालतो. खेड्यापाड्यातील नवशिक्याने म्हणूनच स्पंज फिल्टरपासून सुरुवात करावी असे मला वाटते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज जाताच नळीतून पाणी उलटे पंपात शिरते.

निगेचे नियम थोडेच आहेत. नव्या टाकीत वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अगदी मोजके आणि अन्न बेताचे ठेवावे. ओळखीच्या कोणाकडचा जुना, वापरातला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. प्रवाह मंदावला की स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळावा. साबण आणि नळाची धार टाळावी. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवावा. फिल्टर धुणे आणि मोठ्या प्रमाणावर पाणी बदलणे ही कामे एकाच दिवशी करू नयेत. फिल्टर दिवसरात्र चालू ठेवावा. रात्री तो बंद करून वाचणारी वीज नगण्य आहे आणि धोका मोठा.

टाकीची खरी परीक्षा चवथीच्या दिवसांत होते. सणाआधी घर धुऊन-पुसून काढताना त्याच उत्साहात टाकीही घासली जाते. खडे उन्हात वाळतात, स्पंज साबणाने निघतो, सगळे पाणी ताजे भरले जाते. टाकी झळझळीत दिसते, पण जिवाणूंच्या दृष्टीने ती पुन्हा पहिल्या दिवसावर आलेली असते, आणि मासे मात्र तेवढेच असतात. त्यानंतर सगळे कुटुंब मूळ घरी जायला निघते. निघताना विजेचा मुख्य खटका खाली ओढला जातो आणि चार दिवसांचे अन्न टाकीत एकदम ओतले जाते. याच्या अगदी उलट करायला हवे. धडधाकट मोठे मासे चार दिवस उपाशी सहज राहतात, फिल्टरवाचून राहत नाहीत. तेव्हा अन्न द्यायचे नाही आणि फिल्टरचा खटका तेवढा चालू ठेवायचा. घासायचीच असेल तर समोरची काच घासावी, तेवढ्याने पाहुण्यांचे समाधान होते.

स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर पाहून किळस येणे स्वाभाविक आहे. पण मासे त्याच्याच जिवावर जगतात. तो जपला तर पंधरा दिवसांची हौस कित्येक वर्षे टिकते, आणि टाकी माळ्यावर टाकण्याची वेळ येत नाही.