फोन एकाचा, सिम दुसऱ्याचं!

अमेरिकेतली भाची मामाला आपला जुना आयफोन पाठवते. मामा हौसेने त्यात इथलं प्रीपेड सिम घालतात आणि पडद्यावर उमटतं, ‘सिम नॉट सपोर्टेड’! फोन उत्तम, सिमही चालू. मग घोडं अडलं कुठे? सिम लॉकपाशी. या लॉकच्या काही भन्नाट गोष्टी:

लॉक कशासाठी?
अमेरिकेत टेलिकॉम कंपन्या महागडे फोन हप्त्यांवर किंवा घसघशीत सवलतीत देतात. पैसे फिटण्याआधी गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, म्हणून फोनच्या सॉफ्टवेअरमध्येच दुसऱ्या कंपनीचं सिम न स्वीकारणारं लॉक घालतात. प्रीपेड फोनचीही यातून सुटका नाही. स्वस्तात घेतलेला हँडसेट बहुधा काही महिने त्याच कंपनीकडे वापरावा लागतो.

१७ वर्षांचा पठ्ठ्या
पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी विक्रीला आला, तोही फक्त एटी अँड टीच्या नेटवर्कवर. न्यू जर्सीच्या १७ वर्षांच्या जॉर्ज हॉट्झने ऑगस्टमध्येच त्याचं लॉक काढून दाखवलं! तो मोकळा केलेला फोन देऊन त्याने काय मिळवलं? निस्सान ३५०झेड ही स्पोर्ट्स कार आणि वर तीन नवे आयफोन.

फोनचा निकाल ग्रंथपालाकडे!
फोनमधलं सॉफ्टवेअर कॉपीराइट कायद्यात येतं. त्यामुळे लॉक काढायची सूट द्यायची की नाही, हे अमेरिकेत ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयाचे प्रमुख ठरवतात. त्यांनी ही सूट काढून घेतली आणि २६ जानेवारी २०१३ पासून नव्या फोनचं लॉक कंपनीच्या परवानगीशिवाय काढणं बेकायदा ठरलं. लोक खवळले. व्हाइट हाउसकडे केलेल्या ऑनलाइन अर्जावर १ लाखाहून जास्त सह्या झाल्या. अखेर १ ऑगस्ट २०१४ रोजी बराक ओबामांनी ही मुभा परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. गिऱ्हाइकांनी एकजुटीने मिळवलेला हा खणखणीत विजय!

शेजारी पुढे गेला
कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी घातली. ब्रिटननेही डिसेंबर २०२१ मध्ये तेच केलं.

आपल्याकडेही होतं हे
२००३ मध्ये रिलायन्सच्या ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपये भरून घराघरांत आलेले सीडीएमए फोन तंत्रज्ञानच वेगळं असल्याने इतर कंपन्यांच्या जीएसएम नेटवर्कवर चालत नसत. २०१७ च्या जिओफोनला मात्र खरंखुरं लॉक होतं. १,५०० रुपये अनामत भरायची आणि सिम फक्त जिओचं घालायचं!

लॉक निघालं, तरी रेंज नाही?
अमेरिकेत जीएसएम चाले ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झवर, भारतात ९०० आणि १८०० वर. म्हणून एकेकाळी चारही बँड पकडणाऱ्या ‘क्वाड-बँड’ फोनला एवढा भाव होता. आता मुद्दा व्होल्टीचा, म्हणजे फोरजीवरून होणाऱ्या कॉलचा. जिओकडे सुरुवातीपासूनच टूजी-थ्रीजी नाही आणि एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. नेटवर्कला चालेल असं व्होल्टी फोनमध्ये नसेल, तर इंटरनेट चालूनही साधा कॉल लागत नाही.

सिमची खाचच गायब
अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मध्ये सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. असा फोन भेट मिळाला, तर दुकानातून प्लास्टिकचं सिम आणून उपयोग नाही. आपल्या कंपनीकडून ई-सिमच घ्यावं लागेल.

घेण्याआधी हे बघाच
आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’ उघडा. ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं की रस्ता मोकळा. कोणत्याही फोनवर *#०६# दाबा, १५ अंकी आयएमईआय नंबर मिळेल. भारतात ‘केवायएम’ (KYM) लिहून, जागा सोडून हा नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर लगेच कळेल. आणि अमेरिकेतल्या भाचीला आवर्जून सांगा: हप्ते फेडून, मूळ कंपनीकडून लॉक काढून घेऊनच फोन पाठव. लॉक काढून देणं हे त्या कंपनीचंच काम आहे. पूर्ण पैसे मोजलेल्या फोनमध्ये कुणाचं सिम घालायचं, हे ठरवायचा हक्क मालकाचाच, आणि तो हक्काने मागायचा!