नीरेच्या खोऱ्यातील खारजमीन आणि बोटांनी उलगडणारे भूस्तर

खनिज तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचे तळे नव्हे. खडकाच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत तेल, वायू आणि पाणी मुरलेले असते. 1974 मध्ये गवसलेल्या बॉम्बे हायचे तेलही समुद्रतळाखालच्या चुनखडकात आहे. संगणकावर अशा खडकाची असंख्य घरे पाडतात आणि प्रत्येक घराची सच्छिद्रता व पारगम्यता नोंदवतात. पण सपाट पडद्यावर आतले थर पुढच्या थरांआड दडतात.

कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात निकोल सुल्तानुम, एहुद शार्लिन, मारिओ कोस्टा सूझा आणि सहकाऱ्यांनी 2010 च्या सुमारास यावर स्पर्शाचा उपाय शोधला. टेबलाएवढ्या पडद्याभोवती भूवैज्ञानिक आणि अभियंते एकत्र उभे राहतात, बोटांनी थर सोलतात, साठा दुभंगून आत पाहतात. टेबलावर हाताळायच्या वस्तूंचाही त्यांनी विचार केला. वाद घालायला सर्वांसमोर एकच चित्र असते, हे याचे खरे मोल.

नीरेच्या खोऱ्यातल्या बारामती-इंदापुरात तेल नाही, पण न दिसणाऱ्या थरांचा प्रश्न इथे शंभर वर्षांहून जुना आहे. भाटघर धरणाच्या पाण्यावरचा नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला, उसाला भरमसाट पाणी मिळू लागले आणि काळ्या रानांवर पांढरा खार फुटला. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातील खारजमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आज ती फारशी कोणी उघडत नाही, हे दुर्दैव आहे.

या भागातल्या विहिरीची उघडी कड पाहिली की कारण समजते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि तळाशी कठीण काळा पाषाण. मुरमातून पाणी सहज वाहते, काळ्या मातीतून फार हळू. कालव्याचे आणि पाटाचे पाणी खाली साचून पातळी वर चढते, मातीतले क्षार विरघळवून पृष्ठभागाशी आणते. पाणी उन्हाने उडते, क्षार मागे राहतात. म्हणून काळ्या मातीतच संपणारा चर वाया जातो, मुरमापर्यंत उतरलेला चर निचरा करतो.

पाटबंधाऱ्यांच्या अशा प्रश्नांसाठी 1916 मध्ये मुंबई इलाख्याने खास विभाग काढला. अभियंता क्लॉड इंग्लिस आणि त्यांचे सहकारी गोखले यांनी निचऱ्याचे काम तिथूनच पुढे नेले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचे मूळ त्याच विभागात आहे. नद्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बांधून पाणी वाहते ठेवणारी ही संस्था म्हणजे हाताने पाहण्याच्या विद्येचे महाराष्ट्रातले मोठे घर.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. त्या नोंदी आणि विहिरींचे थर एकत्र करून नीरा खोऱ्याचे कॅलगरीसारखे स्पर्शाचे टेबल बनवता येईल. ते बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ठेवावे आणि चर कुठे खणायचा, हे ठरवण्याआधी बागायतदारांनी त्यावर स्वतः हात फिरवावा.