चार हजार बाइटांचा पडदा

डॉसच्या काळातला मजकुराचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, एकूण २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट: एकात चिन्हाचा क्रमांक, दुसऱ्यात रंग. रंगाच्या बाइटातले चार बिट अक्षराचे, तीन पार्श्वभूमीचे आणि उरलेला एक लुकलुकण्याचा. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पीसीतल्या २५६ चिन्हांच्या संचात, म्हणजे कोड पेज ४३७ मध्ये, चौकटींच्या रेघा, ठिपक्यांच्या छटा, पूर्ण आणि अर्धे ठोकळेही होते. एवढ्या तुटपुंज्या साहित्यातून हिशेबाच्या प्रोग्रॅमांचे तक्ते उभे राहिले आणि ॲन्सी आर्ट नावाची चित्रकलाही. मात्र या ४००० बाइटांत चित्राचा एकही ठिपका नसतो. चिन्हांचे आकार डिस्प्ले कार्डावरच्या रॉममध्ये असत. म्हणून असा पडदा आज ब्राउझरमध्ये दाखवायचा, तर फाइल वाचून भागत नाही. त्या कार्डाचं काम प्रोग्रॅमला स्वतः करावं लागतं.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्या जवळचा आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर देवनागरी दिसू लागली. इस्की या भारतीय संकेतप्रणालीत आपली अक्षरं १२७ च्या पुढच्या क्रमांकांवर होती आणि कोड पेज ४३७ मध्ये तिथेच रेघा, ठोकळे, ग्रीक अक्षरं होती. त्यामुळे एकच फाइल कार्ड असलेल्या यंत्रावर मराठी दिसे आणि नसलेल्या यंत्रावर निरर्थक नक्षी. बाइट तेच, अर्थ मात्र यंत्राच्या हाती.

कुणी म्हणेल, ही चिन्हं आता युनिकोडमध्ये आहेत, मग सरळ मजकूर म्हणून छापावीत. पण आजच्या फॉन्टमध्ये अनेकदा ओळींमध्ये फट राहते आणि चौकट तुटते. १९८७ च्या व्हीजीए या डिस्प्ले प्रणालीत प्रत्येक घर ९ ठिपके रुंद असे. नववा ठिपका एरवी कोरा, पण १९२ ते २२३ क्रमांकांच्या चिन्हांत आठव्याचीच पुनरावृत्ती. आडव्या रेघा सलग दिसत त्या यामुळेच. शिवाय ७२०×४०० ठिपक्यांचं चित्र ४:३ पडद्यावर ताणलं जाई, म्हणून ठिपका रुंदीपेक्षा उंच असे. हे सोडलं की वर्तुळ चपटं होतं. ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर, म्हणजे ठिपके रंगवायच्या जागेवर, मूळ फॉन्टचे ठिपके आणि १६ रंगांचा मूळ तक्ता वापरून प्रत्येक घर रंगवणं, हाच खात्रीचा मार्ग. युनिकोड मजकुराची गरज तरीही उरते: नक्कल करण्यासाठी, शोधासाठी आणि दृष्टिहीनांच्या वाचकयंत्रासाठी तो कॅनव्हासबरोबर द्यावा.

दुसरा आक्षेप असा, की एक स्क्रीनशॉट पुरे. पण स्क्रीनशॉटमध्ये लुकलुकणं थांबतं, अक्षरं ठिपक्यांत विरघळतात आणि कलावंतानं कुठल्या घरात कोणतं चिन्ह निवडलं हे कळेनासं होतं. त्या निवडीतच तर ही कला आहे. म्हणून जतन करताना फाइल, फॉन्ट आणि रंगांचा तक्ता एकत्र ठेवावेत. यातलं एक जरी हरवलं, तरी उरलेल्या दोहोंवरून मूळ पडदा खात्रीनं उभा करता येत नाही.