हात म्हणजे खाऊ नव्हे

हल्लीची मुलं काय पाळतील याचा नेम नाही. आपल्या लहानपणी कुत्रं, मांजर, फार तर पिंजऱ्यातला पोपट. मग काचेच्या पेटीतले मासे आले, पांढरे ससे आले. आता चक्क अजगर!

आमचं चिखलोली अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं. एका बाजूला धरण, दुसरीकडे रेल्वेचे रूळ, आणि भाताची खाचरं होती तिथे आता सात-सात मजली इमारती. त्यातल्याच एका सोसायटीत माझी एक मैत्रीण राहते. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने साठवलेल्या पैशांतून ‘बॉल पायथन’ आणला. पश्चिम आफ्रिकेतला हा छोट्या जातीचा अजगर, बिनविषारी. आणला तेव्हा जेमतेम हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड. मुलाला वाटलं, मांडीवर घेऊन बसू. पण पंधरा दिवसांत पिल्लू त्याला दोनदा चावलं. सासूबाईंनी जाहीर केलं, ‘घरात एक तर तो राहील, नाही तर मी!’

मैत्रीण माझ्याकडे आली, कारण महिला मंडळाच्या कामात पावसाळ्यात कुणाकडे साप निघाला की सर्पमित्राला बोलावण्याचं काम माझ्याकडे असतं. ‘ताई, याला माणसाळवता येतं का हो? की सोडून देऊ धरणावर?’ हा तिचा प्रश्न. मी आमच्या सर्पमित्राला आणि प्राण्यांच्या एका डॉक्टरबाईंना घेऊन तिच्या घरी गेले. तिथे जे ऐकलं-पाहिलं ते आपल्यासारख्या आयांना माहीत असायला हवं असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी कायद्याचं. आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो बिनविषारी धामण असो, दिवड असो की आपला भारतीय अजगर, घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. ‘बरणीत ठेवलाय, दोन दिवसांनी सोडू’ हेसुद्धा चालत नाही. परदेशी प्राण्यांची गोष्ट वेगळी. बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, २०२४ साली नियम आले, आणि असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या ‘परिवेश’ या व्यवस्थेत नोंदणी करणं आवश्यक झालं. प्राणी मेला, त्याला पिल्लं झाली, तरी कळवायचं. मैत्रिणीच्या मुलाकडे कागद होते, हे बरं. नाही तर मुंबईच्या विमानतळावर काय काय सापडतं! डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. स्वस्तात, बिनकागदाचं पिल्लू कुणी देत असेल तर ते कुठून आलं असेल, याचा विचार आपणच करायचा.

आता चावण्याकडे वळू. सर्पमित्राने पहिलाच प्रश्न मुलाला विचारला, ‘चावल्यावर सोडलं, की धरून ठेवलं?’ मला गंमत वाटली, पण सगळी मेख त्यातच होती. साप दोन कारणांनी चावतो. घाबरला तर मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे घेतो, झटकन तोंड मारतो आणि सोडतो. म्हणजे ‘लांब राहा’ एवढंच सांगतो. भूक लागली असेल आणि समोर खाणं आहे असा समज झाला तर मात्र पकडतो, धरून ठेवतो, वेटोळं घालायला लागतो. पहिला चावा भीतीचा होता. पिल्लू घरात आलं त्याच संध्याकाळी याने मित्रांना बोलावून ते हातोहात फिरवलं होतं! दुसरा चावा भुकेचा. उंदीर बोटांनी धरून भरवला आणि तोच हात पुन्हा पेटीत घातला.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. या अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब कळते. जिभेने तो वास टिपतो. नजर काही फार तीक्ष्ण नसते. त्यामुळे उंदराचा वास येणारा, उबदार, हलणारा हात म्हणजे त्याच्या लेखी उंदीरच. त्यात त्याचा राग नाही, द्वेष नाही. आपल्या सिनेमांनी डूख धरणारा नाग रंगवून ठेवलाय खरा, पण सापाच्या मेंदूत सूड वगैरे मावत नाही. हात म्हणजे खाऊ नव्हे, आणि हात म्हणजे शत्रूही नव्हे, या दोनच गोष्टी पिल्लाला सवयीने कळायला हव्यात.

म्हणून आधी त्याला आठवडाभर हातच लावायचा नाही, असं ठरलं. पेटीत लपायला दोन जागा केल्या, एक उबेच्या बाजूला, एक गारव्याच्या. लपायला जागा नसलेलं पिल्लू सतत भेदरलेलं असतं, आणि भेदरलेलं पिल्लू चावतं. उबेची बाजू ३१-३२ अंशांच्या आसपास हवी, म्हणून खाली हीटिंग पॅड आणि त्याला थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट नसेल तर पॅड तापत राहतो आणि साप पोटाखाली भाजतो, तरी तिथून हलत नाही. पाण्याचं भांडं कायम भरलेलं. दूध नाही! साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला आपण चिरणं-तळणं बंद ठेवतो, दिंडं उकडून करतो, ते छानच. पण वाटीतलं दूध सापासाठी नको.

जेवणाची गोष्ट जरा किळसवाणी वाटेल, पण सांगायलाच हवी. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एक उंदीर. केवढा? त्याच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग असतो, साधारण तेवढ्या जाडीचा. जिवंत उंदीर देऊ नये, कारण कोंडलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो. आधीच मारून गोठवलेले पांढरे उंदीर मिळतात. गटारातला, गोदामातला उंदीर अजिबात नको. त्याच्या पोटात जंत असतात, कधी उंदीर मारायचं औषध असतं. गोठवलेला उंदीर रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून गरम पाण्यात धरायचा. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही, तो फुटतो. (हे ऐकून मैत्रिणीने मुलाकडे असं पाहिलं की त्याने लगेच मान खाली घातली.) तिच्या फ्रीजरमध्ये मटार आणि खवलेल्या नारळाच्या शेजारी उंदीर ठेवायला ती तयार नव्हती, आणि मी तिच्याच बाजूची. शेवटी जुना छोटा फ्रीज मुलाच्या खोलीत गेला. ज्याचा साप, त्याचा फ्रीज.

उंदीर अंगाइतका कोमट झाला की हातभर लांब चिमट्यात धरून समोर न्यायचा, थोडा हलवायचा. बोटं सापाला दिसताही कामा नयेत. भरवल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि त्यानंतर पूर्ण दोन दिवस पिल्लाला उचलायचं नाही. पोटात घास असताना उचललं तर ते ओकून टाकतं, आणि पुन्हा पुन्हा ओकलं तर पिल्लू दगावतंसुद्धा.

चावू नये म्हणून सापाला जेवणासाठी वेगळ्या डब्यात ठेवावं, असं काही जण सांगतात. म्हणजे पेटी उघडली की जेवण, असं समीकरण होऊ नये. ऐकायला पटतं. पण आमच्या सर्पमित्राला ते पटलं नाही, आणि मलाही नाही. भुकेल्या सापाला उचलून डब्यात ठेवायचं, जेवल्यावर परत उचलून आणायचं, म्हणजे नको तेव्हाच हात मधे येतो. त्यापेक्षा कागदाची सुरळी बरी. पेटी उघडल्यावर आधी सुरळीने अंगावर हलकेच स्पर्श करायचा. सुरळी लागली म्हणजे आज जेवण नाही. चिमटा दिसला म्हणजे जेवण. चार-सहा आठवड्यांत पिल्लाला हा फरक कळायला लागतो. सुरळी लागताच ताणलेली मान सैल होते, जीभ संथपणे आत-बाहेर व्हायला लागते. हे मी स्वतः पाहिलं.

उचलताना वरून हात न्यायचा नाही. वरून झडप घालतात ते घार आणि गरुड. बाजूने, सावकाश, अंगाच्या मधल्या भागाखाली हात सरकवायचा आणि दुसरा हात खाली आधाराला. डोकं धरायचं नाही, शेपटीने लोंबकळवायचं नाही. सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, बस्स. डोळे दुधाळ निळसर दिसायला लागले की तो कात टाकणार असतो. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, तेव्हाही हात नको. घाबरला तर हा प्राणी डोकं आत घालून चेंडूसारखा गोल होतो, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. गोल झाला की समजायचं, आज नको. तरीही चावलाच तर हात ओढायचा नाही. दात मागे वळलेले असतात, ओढल्याने आपलीच कातडी फाटते. डोक्यावर गार पाण्याची धार सोडली की तो सुटतो. मग साबणाने जखम धुवायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात मात्र साप-कासव काहीच देऊ नये. यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात.

हे ऐकताना मला पुण्याचे नीलिमकुमार खैरे आठवले. १९८० साली ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. अंगावर साप चढला तर झटकायचा नाही, हळूच बाजूला करायचा. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं त्यामागे तेच होते. पण हा अनुभवी माणसाचा प्रयोग होता. आपल्या पोरांनी करायचा नव्हे.

आणि इथेच माझा जीव खालीवर होतो. श्रावणात, चार दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, त्याच सोसायटीच्या भिंतीकडे डेब्रिजच्या ढिगाजवळ चौथीतल्या एका मुलाला हातभर लांबीचं, ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू दिसलं. ‘अजगराचं पिल्लू!’ म्हणत तो सरसावला. दादाच्या खोलीत त्याने सगळं पाहिलं होतं ना... बाजूने जायचं, मधे धरायचं, घाबरायचं नाही. वॉचमनने आरडाओरडा करून त्याला मागे ओढलं. सर्पमित्र आला. पिल्लू घोणशीचं होतं.

घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, एका वेळी वीस-तीस. त्या पिल्लांत पहिल्या दिवसापासून विष असतं. आणि ती अजगराच्या पिल्लासारखी दिसतात, सुस्त पडून असतात, त्यामुळे भलेभले फसतात. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोलांच्या तीन रांगा असतात, डिवचली तर कुकरच्या वाफेसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराचे ठिपके वेडेवाकडे, तुकड्यातुकड्यांचे. पण मी म्हणते, हे ओळखायला जवळ जायचंच कशाला? आमच्या मंडळाने मग सोसायटीत मुलांची बैठक घेतली. मैत्रिणीच्या मुलानेच नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची चित्रं दाखवली आणि सांगितलं की पेटीतल्या सापाचे नियम पेटीतल्याच सापाला. बाहेरच्या सापाला एकच नियम, दहा पावलं मागे आणि मोठ्या माणसाला हाक. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आणि रुग्णवाहिकेची १०८ जिन्यात लिहून ठेवली. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हलू न देता सरळ इस्पितळात. लस तिथेच मिळते, मांत्रिकाकडे नाही.

धरणावर सोडून देण्याचा विषय सर्पमित्राने तिथल्या तिथे मोडीत काढला. परदेशी साप आपल्या रानात सोडला तर बहुधा मरतो, आणि जगला तर त्याहून वाईट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांनी पाळून कंटाळल्यावर सोडलेले, निसटलेले बर्मी अजगर इतके वाढले की तिथले ससे, रकून दिसेनासे झाले.

मैत्रिणीकडे दुसऱ्या महिन्यानंतर चावा झालेला नाही. थंडीत त्या पिल्लाने सलग पाच आठवडे काही खाल्लं नाही, तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वजन फार उतरत नाहीये ना, मग थांबा, ही जात उपास धरते. सहाव्या आठवड्यात खाल्लं. ‘माझ्यापेक्षा कडक एकादशी!’ सासूबाई म्हणाल्या. त्या अजून त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, पण रविवारी दाराबाहेरून ‘जेवला का?’ एवढं विचारतात.

मैत्रिणीची काळजी आता वेगळीच आहे. नीट सांभाळला तर हा प्राणी वीस-पंचवीस वर्षं जगतो. मुलाचं हे शेवटचं वर्ष, नोकरी पुण्याला लागेल की बंगळुरूला, कुणास ठाऊक. भाड्याच्या खोलीत अजगर कोण ठेवू देणार? मुलगा म्हणतो, ‘बघू गं आई.’ हे ‘बघू’ कुणाच्या गळ्यात पडतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा लांब चिमटा तिच्याच हातात होता आणि मुलगा शेजारी उभा राहून तिला सांगत होता, ‘आणखी थोडं पुढे... घाबरू नकोस, आता सोड.’